तीन मिलिमीटर

१२ मार्च, मंगळवार

पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, काय खाल्लं आणि जळजळ कधी झाली ते रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. आजची नोंद: सकाळी भात आणि समुद्री शेवाळाचं सूप, दुपारी काही नाही, मशीनची कॉफी कागदी कपातून चार वेळा. जळजळ दिवसभर. पण त्याला कारण खाणं नाही. आज माझ्या प्रोग्रामनं उत्तर दिलं.

डॉक्टर एवढं सगळं वाचणार नाहीत, तेव्हा लिहायला हरकत नाही. आमच्या यार्डात बांधतोय ते मोटारी वाहून नेणारं जहाज म्हणजे एकावर एक बारा डेक. डेक म्हणजे पोलादाचा सपाट पत्रा आणि त्याच्या पोटाखाली वेल्डिंगनं जोडलेल्या फासळ्या. पत्रा किती जाड, फासळ्या किती, केवढ्या, किती अंतरावर, एवढंच ठरवायचं असतं. पण ते माणसानं हातानं करायचं म्हटलं तर पर्याय कोटींच्या घरात जातात. माझा प्रोग्राम एका वेळी दोनशे आराखडे जन्माला घालतो, प्रत्येकावर खोटे खोटे ट्रक चढवतो, वाकतील त्यांना मारतो, जड असतील त्यांना मारतो आणि उरलेल्यांची आपसांत लग्नं लावतो. पुन्हा दोनशे पोरं. आज आठशे अकराव्या पिढीला तो थांबला. साडेसहाऐवजी पाच मिलिमीटरचा पत्रा, फासळ्या बारीक आणि जवळजवळ. सगळ्या जहाजात मिळून एकशे नव्वद टन कमी.

विभागप्रमुख मेंग साहेब खुर्चीतून उठलेच. "प्यो, तो आकडा परत सांग."

"एकशे नव्वद."

"आणि वाकणार नाही?"

"साहेब, मी अंदाजानं काही धरलेलं नाही." खरंच नाही धरलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा दोन फासळ्यांच्या मधे वर किंवा खाली थोडा फुगतोच. तो किती फुगतो हे धरावं लागतं, कारण जेवढा फुगलेला तेवढा तो वजनाला लवकर हार मानतो. आमच्याकडे सहा मिलिमीटरपर्यंत पास. मी चार वर्षांची अकराशे चाळीस तपासणी कार्डं स्वतः टाइप करून भरली. सरासरी जेमतेम तीन. आमचे वेल्डर गुणी आहेत, दुसरं काय.

साहेबांनी अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर कळवूनही टाकलं. मला अजून एकदा तपासायचं होतं. रात्री गॅस बंद आहे का ते तीनदा पाहिलं.

१८ मार्च, सोमवार

अहवाल लिहिला. साहेब म्हणाले, वजनाबरोबर वेळेची बचतही दाखव, वरच्या लोकांना ते आवडतं. म्हणून डेक-शेडच्या तासांचे तक्ते काढले. एक गंमत सापडली. तिथे रोज सकाळी चार माणसं तास-तासभर ‘साफसफाई’ करतात. रोज. पत्रा आहे की देव्हारा? मी एक ओळ टाकली: साफसफाईचे तास तीन चतुर्थांश कमी करता येतील. पूर्ण चाळीस पानांच्या अहवालात साहेबांना तीच ओळ सगळ्यांत जास्त आवडली. तीन वर्षं मी जीव ओतला त्या प्रोग्रामबद्दल मान हलवली, आणि झाडूबद्दल शाबासकी.

दुपारी शेडमध्ये गेले. डेकचे पत्रे फासळ्या लावून तिथे तयार होतात, छप्पर अर्ध्याच जागेवर. तिथले मुकादम योम दोक-सू. एकोणसाठ वर्षांचे, डिसेंबरात निवृत्त होणार. आवाज चढवत नाहीत, पण शब्द असे टाकतात की दिवसभर टोचतात. मी पाच मिलिमीटरचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "इंजिनियरबाई, तुमच्या मशीनला कधी घाम येतो का हो?"

"मशीनला घाम कशाला येईल, मुकादम?"

"तेच म्हणतो मी." आणि चालू लागले. असली माणसं बदल म्हटला की आडवी येतात. जेवण: नूडल्स. जळजळ: आहे.

३ एप्रिल, बुधवार

आज पहिले तीन पातळ पत्रे तपासणीला. सकाळी काही खाल्लं नाही. सहा पन्नासला कवायतीची गाणी लागली, सगळ्या यार्डाबरोबर मीही हात वर-खाली केले, पण कितव्यांदा काय करतेय ते कळत नव्हतं. बरोबर सातला निरीक्षक आले. योम मुकादमांनी सरळपट्टी पत्र्यावर आडवी ठेवली, खालच्या फटीत माप सरकवलं.

"तीन."

दुसरा, दोन. तिसरा, तीन. मला तिथेच बसावंसं वाटलं, पण पत्रा ओला होता. रात्री पाऊस पडून गेला असणार, मला कळलाही नाही. पत्र्यावर जागोजाग निळसर तपकिरी डाग आहेत, नाण्याएवढे. पातळ मालाला येत असतील.

क्रेननं पत्रा उचलला तेव्हा खालच्या फासळ्यांवर खडूचे आकडे दिसले. ११, ९, १२. हे लोक जेवणाच्या सुट्टीत पत्ते कुटतात, त्याचे गुण इथे मांडतात वाटतं. उद्या जहाज पाण्यात जाईल त्यांचे पत्त्यांचे हिशोब घेऊन.

मुकादमांचे डोळे लाल होते आणि अंगाला जळका वास. त्यांनी कार्डावर सही केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "असे किती आहेत अजून?"

"दोनशे चाळीस."

"बरं," म्हणाले. अभिनंदनाचा एक शब्द नाही.

४ एप्रिल, गुरुवार

कार्डं: २, ३, ३. तरी जेवण गेलं नाही. सगळं ठीक चाललं की मला जास्त भीती वाटते.

१९ एप्रिल, शुक्रवार

माझ्या त्या एका ओळीची अंमलबजावणी झाली. साफसफाईची तीन माणसं रंगाच्या शेडमध्ये हलवली. आता मुकादम एकटे. जेवणघरात ते ताट घेऊन मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसले. मुळ्याच्या सुपात चमचा फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "ती ओळ तुमची का?"

"आकडे बघून लिहिली, मुकादम. कुणावर राग धरून नाही."

"राग कसला? तुम्ही जे दिसलं ते लिहिलं." उठताना म्हणाले, "आता घाण कुठं कुठं साचते ते बघू या."

ही धमकीच झाली. निवृत्तीला आठ महिने राहिलेला माणूस, माझं काम बिघडवून जाईल अशी धास्ती बसलीय. रात्री गावी, देगूला, आईला फोन केला. तिनं तीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात मशीन चालवलं. पहिला प्रश्न नेहमीचाच, जेवलीस का. मग मी मोठ्या कौतुकानं सांगितलं की पत्रा पातळ केला आणि फासळ्या जवळजवळ घेतल्या.

"म्हणजे तलम कापड आणि जवळजवळ शिवणी," आई म्हणाली. "चुण्या पडतील गं."

"आई, हे पोलाद आहे."

"असेल. आमच्याकडे तलम कापड आलं की शिवणारीचं कौतुक व्हायचं आणि मरायचा तो इस्त्रीवाला. त्याचं नाव पण कुणाला ठाऊक नसायचं."

आईला काहीही सांगितलं तरी ती शर्टावर आणून सोडते. हो हो करून फोन ठेवला.

७ मे, मंगळवार

एक गोष्ट केली, ती बरी केली की नाही कळत नाही. योम मुकादमांचे डोळे आता रोज लाल असतात, चालताना एक पाय ओढतात, कवायतीत उभ्या उभ्या डुलक्या घेतात. पिऊन येत असतील तर? क्रेनखाली काम आहे. मी सुरक्षा विभागाला चिठ्ठी दिली. आज सकाळी सगळ्यांसमोर त्यांना नळीत फुंकायला लावलं. निघालं शून्य. त्यांनी नळी परत दिली, तोंड पुसलं आणि सरळपट्टी उचलली. चिठ्ठी कुणाची ते त्यांना कळलं असावं, कारण नंतर मला म्हणाले, "इंजिनियरबाई, डोळ्यात धूर गेला की लाल होतात." मला जमीन दुभंगावी असं झालं.

कार्डं मात्र सुरेख. ३, ३, ४. पत्रा आजही ओला. दहा दिवसांत पाऊस नाही, तेव्हा हे समुद्राचं धुकं असणार. खडूचे पत्त्यांचे आकडे वाढलेत, १४, १७, १५. डाव रंगलेला दिसतोय.

नामकरण समारंभाची यादी लागली. जहाजाला नाव देताना त्या वर्षी निवृत्त होणारे मुकादम पहिल्या रांगेत बसतात, बायकोसह. यादीत योम दोक-सू दुसऱ्या क्रमांकावर. शेडमधले लोक त्यांना चिडवत होते की वहिनींनी आत्ताच निळा सूट घेऊन ठेवलाय, पोट वाढवू नका. ते पहिल्यांदाच हसताना दिसले.

२१ मे, मंगळवार

योम मुकादम पडले. ओल्या पत्र्यावर घसरले, उजवं मनगट मोडलं. सहा दहाला पहारेकऱ्याला सापडले, शेजारी गॅसचा बर्नर आणि पाण्याची नळी. ड्युटी सातची. एवढ्या पहाटे एकटा माणूस तिथे बर्नर घेऊन काय करत होता?

माझ्या मनात काय काय आलं ते लिहायची लाज वाटते. पण ही वही माझीच आहे, तर लिहिते. मला वाटलं, माझे पत्रे मुद्दाम जाळून बिघडवत होता.

२३ मे, गुरुवार

आज कार्डं: १४, १६, १५.

आकडे ऐकून निरीक्षक माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच माप चुकवलं. तीन वेळा मोजलं. डोळ्यांनाही दिसत होतं. पत्रा फासळ्यांच्या मधे असा खपाटीला गेलेला की उपाशी घोड्याच्या बरगड्या. मी वेल्डरांवर तोंड टाकलं. त्यांचा म्होरक्या शांतपणे म्हणाला, "बाई, आमचं वेल्डिंग कालही हेच होतं." आणि सगळे दुसरीकडे बघू लागले. काहीतरी सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला नाही.

वर येऊन प्रोग्राममध्ये तीनच्या जागी पंधरा घातले. डेकची ताकद शंभरावरून एकसष्टवर आली. मी पुन्हा चालवलं. एकसष्ट. कारण तर माझ्याच कामात आहे. पूर्वीच्या जाड डेकमध्ये पत्रा दमला तर फासळी सावरायची. माझ्या प्रोग्रामनं इतकी काटकसर केली की दोघंही नेमक्या एकाच वजनाला हार मानतात. कुठेही चिमूटभर शिल्लक नाही. तीन मिलिमीटर असतील तर उत्तम. पंधरा असतील तर वादळात, ट्रकांच्या रांगा वर उभ्या असताना, डेक खालच्या डेकवर बसेल. खाली माणसं असतात.

जोडून झालेले दोन डेकही मोजायला लावले. कार्डावर तीन असलेले पाच पत्रे आज आठ-नऊ आहेत. पत्रा आपलं आपण मन बदलतो का? आणखी एक लक्षात आलं. आज सकाळी पत्रा कोरडा होता. धुकं तर कालच्यासारखंच होतं.

जळजळ नाही. पोटच नाहीसं झाल्यासारखं वाटतंय.

२४ मे, शुक्रवार

इस्पितळात गेले. योम मुकादम खिडकीशी बसले होते, हात प्लास्टरमध्ये. बायको संत्री सोलत होती. मला पाहून ती उठायला लागली तर म्हणाले, "बस गं. ह्या त्याच, नळीवाल्या."

मी मान खाली घातली. म्हटलं, "मुकादम, त्या बर्नरनं आणि पाण्यानं तुम्ही पत्रा सरळ करत होता. तपासणीच्या आधी."

"मग काय पूजा करत होतो?"

"किती दिवसांपासून?"

"पातळ आल्यापासून पहाटे पाचला. त्याच्या आधी सहाला, चौघं." त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "एकोणीस वर्षं."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी एक मोठे साहेब होते. त्यांचं म्हणणं, पत्रा सरळ करावा लागला म्हणजे वेल्डिंग वाईट. सरळ करायला लागेल तो प्रत्येक तास वेल्डरच्या नावावर चूक म्हणून मांडायचा. दोन वेल्डरांना त्यांनी तसं घरीही पाठवलं. "अहो, देवानं वेल्डिंग केलं तरी पत्रा फुगणार. मग आम्ही काय करायचं? निरीक्षक यायच्या आत फुगीर जागी ज्योतीनं ठिपका लाल करायचा, वर पाणी मारायचं. गार होताना ती जागा आक्रसते आणि पत्रा ताणला जातो. मग मोजायचं. आणि तासांच्या तक्त्यात लिहायचं, साफसफाई. ते साहेब गेले, सवय राहिली."

‘साफसफाई’. तीन चतुर्थांश कमी करता येतील.

"मला सांगितलं का नाहीत? ओळ मी लिहिली हे ठाऊक होतं तुम्हाला."

"सांगून काय? तुम्ही इमानदारीनं कागदावर लिहिणार, साफसफाई म्हणजे सरळीकरण. मग एकोणीस वर्षांची सगळी कार्डं खोटी. सही कुणाची?" त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, इंजिनियरबाई. डिसेंबरपर्यंत झाकून ठेवा. ही बिचारी पहिल्या रांगेत बसायचं म्हणून सूट आणून बसलीय."

त्यांच्या बायकोनं माझ्यापुढे संत्र्याची बशी सरकवली. मी एक फोड उचलली आणि परत ठेवली.

निघताना दाराशी आठवलं. "मुकादम, फासळ्यांवरचे खडूचे आकडे?"

"सरळ करायच्या आधीचं माप. कुठे किती जाळायचं ते कळायला नको? रंगाखाली जातं, कोण बघतंय."

२७ मे, सोमवार

दिवसभर डेकच्या पोटाखाली पाठीवर सरपटत होते, बॅटरी आणि वही घेऊन. अजून रंग न लागलेले जेवढे सापडले तेवढे वाचले. दोनशे अकरा आकडे. जुन्या जाड पत्र्यांवर सात, आठ, नऊ. माझ्या पातळ पत्र्यांवर चौदा, सतरा, एकदा एकवीस. त्या एकवीसच्या पत्र्याचं कार्ड माझ्याकडे आहे. त्यावर चार लिहिलंय. एकवीसचे चार एकट्या माणसानं केले, गुडघ्यांवर बसून, मी घरी झोपलेली असताना. आणि मी त्याला नळीत फुंकायला लावलं. डेकखाली कुणी नव्हतं म्हणून रडून घेतलं.

खरे आकडे प्रोग्रामला दिले. या वेळी नऊशे पिढ्या लागल्या. उत्तर: बहुतेक ठिकाणी साडेसहा मिलिमीटर, फासळ्या लांब लांब, फक्त वरच्या दोन डेकवर थोडी कपात. बचत बावीस टन. म्हणजे तीस वर्षांपूर्वी कुणीतरी हातानं काढलेला जुना आराखडा, थोडी दाढी करून.

२८ मे, मंगळवार

साहेबांना सगळं सांगितलं. ते पहिल्यांदा म्हणाले, "एकशे अडुसष्ट टन गेले कुठं?" मी म्हटलं, ते कधी नव्हतेच.

साहेबांनी दार लावलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. "मी काय राक्षस आहे का, प्यो? ऐक. चार माणसं परत देतो, हवी तर सहा. साफसफाई म्हणूनच लिहू दे. पत्रे सरळ होतील, कार्डावर तीन येईल, मालक खूश, मुकादम पहिल्या रांगेत. तू कागद काढलास तर मुकादम जाईल, मी जाईन, तू तर जाशीलच. कुणाचं भलं होणार?"

खरं लिहायचं तर मला ते पटलं. दोन तास पटलेलं होतं. कुणाचंच वाईट होत नव्हतं. मग त्या पाच पत्र्यांची आठवण झाली, जे क्रेननं हलवल्यावर पुन्हा फुगले. पातळ पत्रा ताणून सपाट केला तरी तो मनातून वाकडाच असतो. आणि डिसेंबरात मुकादम गेल्यावर ठिपका कुठे लाल करायचा ते कोण सांगणार? पुढच्या जहाजाला माझ्यासारखी कुणीतरी ही कार्डं टाइप करून भरेल, तीन मिलिमीटर बघून खूश होईल आणि साडेचारचा पत्रा काढेल.

पण पहिल्या रांगेतली ती खुर्ची माझ्या हातून रिकामी व्हायची आहे. झोप नाही. भात दोन घास.

३ जून, सोमवार

योम मुकादमांच्या घरी गेले. अहवाल सोबत नेला होता, वर माझं नाव, पहिल्या पानावर पहिलंच वाक्य असं की चूक माझी. म्हटलं, "तुमचं नाव न घालता लिहायचा चार दिवस प्रयत्न केला. जमत नाही. खडूचे आकडे म्हटलं की कुणाचे हे येतंच."

ते बराच वेळ पानं उलटत राहिले. आकड्यांचा तक्ता आला तिथे थांबले, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. "हा एकवीसचा. हा फार छळला बघा." मग विचारलं, "तुमच्या त्या मशीनमध्ये मला किती धरलं होतं?"

"तीन मिलिमीटर, मुकादम. मला वाटायचं तो पत्रा आहे. ते तुम्ही होता."

आतून बायको म्हणाली, "इतकी वर्षं मी विचारतेय, पहाटे उठून काय करता. म्हणे साफसफाई." तिच्या आवाजात राग होता की अभिमान, कळलं नाही. दोन्ही असावं.

शेवटी त्यांनी अहवाल मिटला. "हे देऊ नका."

मी उठायला लागले.

"शुक्रवारी, चौदा तारखेला, निरीक्षक येतील तेव्हा द्या. तोवर माझं प्लास्टर हलकं होतंय. माझं नाव घेऊन माझ्या माघारी कुणी काही वाचायचं नाही. माप मी सांगेन."

१४ जून, शुक्रवार

सहा पन्नासला गाणी लागली. योम मुकादम प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून रांगेत उभे, डाव्या हातानं अर्धीच कवायत करत होते. मेंग साहेब आले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. शेडमधले सगळे वेल्डर कामावर न जाता भोवती उभे.

सातला निरीक्षक आले, कार्ड काढलं. मुकादमांनी डाव्या हातानं सरळपट्टी ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "माप तुम्ही सरकवा, मला दोन हात नाहीत." मी गुडघ्यावर बसले. माप सरकवलं. आकडा मला दिसला, पण बोलले ते.

"तेरा."

निरीक्षकांचं पेन थांबलं. "मुकादम, परत बघा. काहीतरी चुकलं असेल."

"चुकलेलं नाही. तेरा लिहा. याच्या आधीची सगळी माझ्या सहीची आहेत, तीही बाईंनी कागदावर दिलीत, वाचून घ्या." त्यांनी कार्ड ओढलं आणि डाव्या हातानं सही केली. पहिलीतल्या मुलासारखी वाकडी आली. मग वेल्डरांकडे वळून म्हणाले, "चला, कामाला लागा. तुमचं काही चुकलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत सगळं झालं. पातळ पत्र्याचं काम थांबलं, दहा डेक पुन्हा जाड होणार, झालेले दोन डेक कापून काढणार. मेंग साहेबांना मुख्य कार्यालयात बोलावलंय. मला डिझाइनमधून काढून शेडमध्ये टाकलंय, कच्च्या, म्हणजे सरळ करायच्या आधीच्या, पत्र्यांची मापं घ्यायला. योम मुकादमांना चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. सूचना फलकावर नवी यादी लागली आहे. त्यात दुसरा क्रमांक दुसऱ्याच कुणाचा आहे.

फाटकाशी योम मुकादम भेटले, डबा काखेत. तेच म्हणाले, "सूटचं म्हणाल तर धाकट्याचं लग्न आहे ऑक्टोबरात. ती आधीच म्हणालीय, कपडा वाया जाणार नाही." थोडं पुढे जाऊन परत फिरले. "सोमवारी तुम्हीच मोजणार ना? सात वाजेपर्यंत थांबू नका, सहाला जा. पत्र्यावर ऊन पडलं की तो खोटं बोलतो."

आईला फोन केला. तिला विचारलं, त्या इस्त्रीवाल्याचं नाव काय होतं. तिला आठवेना. खूप वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, बघ ना, बारा वर्षं माझ्या पाठीमागे उभा होता.

जेवण: भात, वर तिळाचं तेल. जळजळ आहेच. आज सकाळी पत्रा कोरडा होता, हे कार्डावर लिहायला जागा नाही म्हणून इथे लिहून ठेवते.